जुन्या राजधानीत काय काय ठेवलंय?

पांढरकवड्यात, वणीत किंवा दिग्रसला राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आबाजींना विचारून बघा, "आबाजी, तुमचा जन्म कोणत्या राज्यातला?" ते हसतील आणि म्हणतील, "महाराष्ट्रातला, अजून कोणत्या?" मग त्यांचं जन्मवर्ष विचारा. समजा १९५२ निघालं, तर त्यांचा जन्म मध्यप्रदेशातला आहे! आबाजी कुठेही राहायला गेले नाहीत. घर तेच, अंगणातली विहीरही तीच. बदललं ते राज्य. १९५६ च्या १ नोव्हेंबरला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या १ मेला महाराष्ट्रात. एका जागी बसल्या बसल्या आबाजींची तीन राज्यं होऊन गेली.

त्या मध्यप्रदेशाची राजधानी होती नागपूर. त्याच्याही आधी, १९०३ पासून, आपल्या वऱ्हाडाचा कारभार नागपूरहूनच चालायचा. एका बाजूला आपला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला जबलपूर, बालाघाट, रायपूर, बिलासपूर, आणि या अफाट मुलखाच्या मधोमध नागपूर. मुलखात कुठे शेत नांगरताना काही सापडलं, कुठे जुना कोरलेला दगड दिसला, की तो राजधानीकडे निघायचा. राजधानी गेली, राज्यांच्या सीमा बदलल्या, पण आलेल्या वस्तू परत थोड्याच जातात? त्या तिथेच आहेत. म्हणून नागपूरच्या सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या भागात एक दिवस नुसतं पायी हिंडलं, तरी आबाजींच्या काळचा अख्खा मुलूख बघून होतो.

चला तर मग, पांढरकवड्याहून एसटी धरू. हा रस्ता साधासुधा नाही. श्रीनगरहून निघून थेट कन्याकुमारीला पोचणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जिल्ह्यातून जातो. करंजी गेलं, वडकी गेलं, पुलाखालून वर्धा नदी गेली की आपला जिल्हा संपला. मग येतं हिंगणघाट. इथे खिडकीतून जरा बाहेर बघा, कारण आजच्या सहलीतल्या पहिल्या गोष्टीचा नायक या गावात झोपलेला आहे.

त्याचं नाव विल्यम लॅम्ब्टन. अख्खा हिंदुस्थान मोजायचं वेड या माणसाला लागलं होतं. अंदाजाने नाही, बरं का. इंच न् इंच हिशोबाने! १८०२ साली त्याने मद्रासजवळ सपाट जमिनीवर साखळी टाकून साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजली. साडेसात मैल चालायला आपल्याला अडीच-तीन तास लागतील. लॅम्ब्टनला ते मोजायला ५७ दिवस लागले. उन्हाने तापली की पोलादी साखळी लांबते आणि गार झाली की आखडते. म्हणून तो साखळी तिपाया लावलेल्या लाकडी पेट्यांत ठेवायचा, शेजारी थर्मामीटर ठेवायचा आणि तापमानाचा फरक हिशोबात धरायचा.

एवढी एक रेघ अचूक हातात आली की पुढचं काम कोनांनी होतं. रेघेच्या दोन टोकांवरून लांबच्या एका टेकडीकडे बघायचं आणि दोन्ही टोकांशी होणारे कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. (हे तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. नसेल, तर एक-दोन वर्षांत येईलच.) मग त्या नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. असे त्रिकोणांमागून त्रिकोण रचत ही मंडळी उत्तरेकडे सरकत राहिली. मध्ये नदी येवो, जंगल येवो, साखळी टाकायची गरजच नाही.

कोन मोजायचं त्याचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, तब्बल अर्ध्या टनाचं होतं. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या उंच शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. ज्या गोल तबकडीवर कोनांच्या बारीक खुणा होत्या, तीच वाकडी झाली. नवीन यंत्र मागवायचं तर इंग्लंडहून जहाजाने यायला हवं. लॅम्ब्टनने काय केलं? तंबूत शिरला, पडदा लावून घेतला आणि तबकडी केसाकेसाने ओढत, ताणत पुन्हा गोल केली. त्याला सहा आठवडे लागले. मला हा भाग फार आवडतो. मोडलेल्या वस्तूसमोर एवढे दिवस चिकाटीने बसणं सोपं नसतं.

असा हा माणूस १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरला निघाला होता. मोजणीचं मुख्य ठाणं नागपूरला हलवायचं ठरलं होतं. पण वाटेत हिंगणघाटला, २० जानेवारीला, तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं काम मात्र थांबलं नाही. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने ते पुढे नेलं, आणि त्याच मोजणीतून पुढे हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराची उंची निघाली. त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव कसं मिळालं, हे आता तुम्ही ओळखलंच असेल.

जाम आणि बुटीबोरी मागे टाकून आपण नागपुरात पोचलो. लॅम्ब्टन पोचू शकला नाही, पण त्याच्या मोजणीचं नाव इथे दगडावर कोरलेलं आहे. ते बघायला सीताबर्डीजवळच्या झिरो माईलला जायचं. वालुकाश्माचा एक खांब आहे आणि त्याच्या बाजूला चार घोडे आहेत. सगळी मुलं आधी घोड्यांपाशीच धावतात. धावा, फोटो काढा. पण मग खांबाशेजारच्या ठेंगण्या दगडाकडे या. त्यावर 'जीटीएस' अशी तीन इंग्रजी अक्षरं आणि १९०७ हे साल आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, लॅम्ब्टनने सुरू केलेली तीच महामोजणी.

या दगडाला 'भारताचा मध्यबिंदू' म्हणतात आणि बहुतेक पाटी बघणारे तेवढंच वाचून पुढे जातात. देशाचा मध्य काही पक्का नसतो. सीमा बदलल्या की मध्य सरकतो, आणि आजच्या नकाशावर तो मध्यप्रदेशात जातो. माझं विचाराल, तर इथली खरी नवलाची गोष्ट आहे उंची. या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेली आहे १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे नीट बघा. शेवटचा १ म्हणजे एका फुटाचा हजारावा भाग. तो आपल्या नखाच्या जाडीपेक्षाही कमी भरतो!

पण नागपूरला समुद्र कुठे आहे? मग समुद्रापासूनची उंची नखाएवढ्या बारकाईने मोजली कशी?

आधी समुद्र म्हणजे नेमकी कोणती पातळी, ते ठरवावं लागतं, कारण भरती-ओहोटीने पाणी सतत वरखाली होतं. म्हणून किनाऱ्यावरच्या बंदरांत पाण्याची पातळी नोंदणारी यंत्रं बसवली. वर्षानुवर्षं रात्रंदिवस नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढली. ही झाली शून्य उंची. तिथून मोजणीदार आत निघाले. दोन जणांकडे आकडे लिहिलेल्या उंच उभ्या पट्ट्या आणि दोघांच्या बरोबर मध्ये तिसरा, पाण्यासारख्या आडव्या रेषेत बघणारी दुर्बीण घेऊन. तो मागच्या पट्टीवर बघतो, समजा १.८० मीटरचा आकडा दिसला. मग दुर्बीण फिरवून पुढच्या पट्टीवर बघतो, तिथे १.२० दिसला. म्हणजे पुढची जमीन ०.६० मीटरने उंच आहे. वहीत लिहा, मागचा माणूस पुढे, चला! असं पावलापावलाने किनाऱ्यापासून देशाच्या पोटापर्यंत. हिंदुस्थानभर उंची मोजणाऱ्या या रेषांचं पहिलं जाळं पुरं व्हायला १८५८ ते १९०९ एवढा काळ लागला. काहींनी आयुष्यभर हेच केलं असणार. रोज पट्टी उभी करायची, आकडा लिहायचा आणि पुढे जायचं.

हा खेळ तुम्हाला घरीही करता येईल. गवंडीकाका बांधकामावर वापरतात तशी लांब पारदर्शक नळी घ्या आणि तिच्यात पाणी भरा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक तुम्ही अंगणात धरा, दुसरं टोक मैत्रिणीला रस्त्यावर धरू द्या. नळी कितीही वाकडीतिकडी असली, तरी दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर थांबतं. दोघींनी आपापल्या जागी जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची टेपने मोजा आणि वजाबाकी करा. अंगण रस्त्यापेक्षा किती उंच आहे, ते कळेल. पावसाळ्यात पाणी कोणाच्या घरात शिरणार, तेही कळेल!

झिरो माईलच्या खांबावर मैलांचे आकडेही आहेत: हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, अशी आणखी काही गावं. मैलाला १.६ ने गुणा, किलोमीटर मिळतील. यवतमाळचं नाव त्यात नाही, शोधत बसू नका.

जवळच टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई इथे झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीसारख्या दिवशीच लोकांना आत सोडतात. तेव्हा आज खालूनच बघू. विधानभवनाची इमारतही याच भागात आहे. हिवाळ्यात महाराष्ट्राचं सरकार अधिवेशनासाठी इथे येतं, म्हणून नागपूरला आज उपराजधानी म्हणतात. तर्री पोहे खाऊन घ्या, कारण आता आपण जिथे जाणार आहोत, तिथे बराच वेळ उभं राहायचंय.

हे सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय. पण रिक्षावाल्या काकांना 'अजब बंगला' म्हणा, लगेच कळेल. सर रिचर्ड टेम्पल इंग्रजांच्या काळच्या मध्य प्रांताचे प्रमुख असताना, १८६३ साली, ते सुरू झालं. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ ते उभं आहे. निघण्यापूर्वी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या. आत पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत, शस्त्रं आहेत, मूर्ती आहेत. सगळं एका दमात बघायला गेलात, तर पाय दुखतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. तीनच गोष्टींपाशी थांबू.

पहिली गोष्ट गुरं राखणाऱ्या पोरांची. बालाघाट जिल्ह्यातलं गुंगेरिया गाव, साल १८७०. गुरं चारताना पोरांना जमिनीतून धातूचा एक तुकडा वर आलेला दिसला. ओढला, तर खाली आणखी! खणलं तेव्हा एका खड्ड्यात नीट रचून ठेवलेल्या तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या. चपट्या कुऱ्हाडी, पहारीएवढे लांब दांडके. सगळ्यांचं वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. शिवाय चांदीचे १०२ पातळ पत्रे. काही गोल, तर काही शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्याच्या आकाराचे. या वस्तू साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. एवढं तांबं पुरून ठेवणारे कोण होते, आणि ते न्यायला परत का आले नाहीत? चांदीचे बैल कशासाठी केले होते? तुम्ही मोठेपणी शोधायला ही एक चांगली गोष्ट आहे. यातल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या आणि काही नागपूरला राहिल्या.

तांब्याला जमिनीत हिरवा रंग का चढतो, हे ठाऊक आहे? ओल, हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून तांब्याच्या पृष्ठभागाचं हिरवं कार्बोनेट करतात. घरातल्या जुन्या तांब्याला कोपऱ्यात हिरवट डाग पडतो ना, तेच हे. आई तो चिंचेने घासून काढते. संग्रहालयातली माणसं मात्र तसं कधीच करणार नाहीत. का, ते शेवटी सांगते.

दुसरी गोष्ट, दोनदा लिहिलेल्या दगडाची. हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकचा, माणसापेक्षाही लांब शिळालेख. त्यावरचा जुना लेख सम्राट अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी अक्षरांत आहे. अक्षरं झिजली आहेत, पण प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, अशी आज्ञा त्यात असावी, असं जाणकारांनी वाचलं. पुढे पाचशेहून जास्त वर्षं गेली. वाकाटक राजा रुद्रसेनाने त्याच दगडावर आपला लेख कोरून घेतला. त्या काळी कोणाला जुना लेख वाचता आला असेल का, कोण जाणे.

तिसऱ्या गोष्टीपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळते, कारण ती आपल्या शेजारची आहे. आपल्या जिल्ह्याला लागून वाशीम जिल्हा आहे आणि त्यातल्या मंगरूळपीर भागात तऱ्हाळा नावाचं गाव. १९३९ साली तिथे सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा सापडला, दीड हजारांच्या घरात! सोन्याची नाणी नव्हती. तांबं, कथील आणि शिसं मिसळलेल्या हलक्या मिश्रधातूची होती, बोटाच्या पेरावर मावतील एवढी. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि त्याच्याभोवती गोलात राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं, फुलीने जोडलेली.

आता खरी गंमत. असं नाणं पाडताना जो ठसा वापरायचे, तो नाण्यापेक्षा मोठा असायचा. त्यामुळे नाव पूर्ण उमटतच नसे. एका नाण्यावर सुरुवातीची चार अक्षरं, बाकीची काठाबाहेर. दुसऱ्यावर शेवटची तीन. तिसऱ्यावर मधलीच दोन, तीही अर्धी. मग वाचायचं कसं?

नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वाचली. एकेक नाणं भिंगाखाली धरायचं, त्यावर दिसतील तेवढी अक्षरं टिपायची आणि दुसऱ्या नाण्यावरच्या अक्षरांशी जुळवायची. एकीकडे सुरुवात, दुसरीकडे शेवट, मध्ये दोघांत सामाईक असलेलं एखादं अक्षर. असं करत अख्खं नाव तयार होतं. ओळखीच्या राजांची नावं निघालीच, पण त्यात निघाला कुंभ सातकर्णी. कर्ण सातकर्णी. शक सातकर्णी. पुराणांत सातवाहन राजांच्या याद्या आहेत, त्यांत ही नावं नाहीत! हे राजे होऊन गेले, त्यांनी राज्य केलं, नाणी पाडली आणि मग सगळे त्यांना विसरले. जवळजवळ सतराशे वर्षं त्यांची नावं तऱ्हाळ्याच्या मातीत पडून होती. कोणाला वाटलं असतं, ही तर फुटकळ, काळी पडलेली चिल्लर आहे, आणि ती वितळवून टाकली असती, तर कुंभ सातकर्णी नावाचा राजा आपल्याला आज ठाऊकच नसता.

संग्रहालयात सातवाहनांची नाणी दिसली, की काचेला नाक लावून हत्तीची सोंड शोधा. ती सापडली, की अक्षरं कोणत्या बाजूने सुरू होतात, ते कळायला लागतं.

वेळ उरला, तर मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघून घ्या. ते २००२ साली सुरू झालं. तिथल्या रुळांत पाय ठेवून बघा. नॅरोगेजच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, तर हल्लीच्या मोठ्या गाडीचं १६७६. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला याच अरुंद रुळांवरून धावायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला बनलं होतं आणि १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. तुमच्या घरी कोणीतरी तिच्यात बसलेलं नक्की असेल. त्यांनाही बरोबर आणा.

आता चिंचेची गोष्ट. तुमच्या शेतात नांगरताना, विहीर खणताना किंवा धुऱ्याशेजारी खेळताना तुम्हालाही एखादं जुनं नाणं, तांब्याचा तुकडा, अक्षरं असलेला दगड सापडू शकतो. यवतमाळची जमीन काही तऱ्हाळ्यापेक्षा वेगळी नाही. सापडलं, तर घासू नका, चिंच लावू नका, पाण्यानेही धुऊ नका. हिरव्या थराबरोबर अक्षराचा अर्धा पाय निघून गेला, तर तो परत येत नाही. जागा सोडण्यापूर्वी वहीत लिहा: कोणतं शेत, कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, बाजूला काय होतं. राखेचा थर होता का? खापरं होती का? जमलं तर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. मग घरच्या मोठ्यांना घेऊन तलाठ्यांकडे किंवा तहसील कचेरीत जा. १८७८ चा एक कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ती वस्तू सरकारने घेतली, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. आणि अर्जात सापडणाऱ्याचं नाव लिहायची जागा असेल, तिथे तुमचं नाव नीट, पूर्ण लिहा. गुंगेरियाच्या त्या पोरांची नावं कुणी जपून ठेवली नाहीत.